उसनी साखळी

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, बसायला फार चांगल्या. हे माझं म्हणणं नाही, गल्लीचं आहे. कुठलाही कार्यक्रम असू दे, "ताईंना बसवा" हे ठरलेलं. चपलांपाशी ताईंना बसवा. पिशव्यांपाशी ताईंना बसवा. कुणाचं म्हातारं माणूस घरी एकटं आहे आणि बाकीच्यांना मजा करायला जायचंय, बसवा ताईंना. आणि या बसतात हो! उठवायला कुणी येईपर्यंत उठत नाहीत. माझ्या नाकावर माशी बसत नाही आणि यांच्या डोक्यावर अख्खी गल्ली बसते, हे बघून लग्न होऊन आले तेव्हापासून माझं डोकं फिरतंय.

आई गेली तेव्हा वन्सं शाळेत होत्या. पाठीवर दोन भाऊ. शाळा सुटली ती सुटलीच. मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात चिकटल्या, त्या आजतागायत तिथेच आहेत. मी एकदा डबा द्यायला गेले होते. वाफेने समोरचं माणूस दिसत नाही. गरम रुळांमधून चादरी बाहेर पडतात, दोघी दोन टोकं धरतात, ताणतात, झटकतात, एकमेकींकडे चालत येतात, टोकाला टोक लावतात आणि पुन्हा मागे जातात. दिवसभर हेच. बोलायची सोय नाही, कारण मशीनचा आवाज. वन्संचं न बोलणं तिथलं की आधीचंच, देव जाणे. घरीसुद्धा माझ्या पलंगावरची चादर बघवत नाही त्यांना. जाता-येता कोपरा ताणतात, आणि मी बघितलं तर ओशाळून म्हणतात, "राहू दे, तुझी चांगलीच होती."

लग्नाची बोलणी आली तेव्हा घरच्यांनी "आधी भावांचं मार्गी लागू दे" म्हटलं. भावांचं लागलं आणि यांचं राहिलं. मी नवऱ्याला एकदा छेडलंच. तर हा म्हणतो, "ताईने कधी काही म्हटलंच नाही." म्हटलं नाही म्हणे! अरे, विचारलं होतं का कुणी?

तर अशा या वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून हात वर केला तो एका कुत्र्यासाठी.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडाची वखार आहे. फाटकाच्या आत लोखंडी खांब, आणि त्या खांबाला वखारवाल्याचा कुत्रा बांधलेला. नाव वॉचमन. पिल्लू होता तेव्हा आणला आणि बांधला, बस्स. ऊन असो, पाऊस असो, वॉचमन खांबापाशी. साखळी जाईल तेवढी जमीन घासून गुळगुळीत झालेली, त्यापलीकडे गवत. साखळीची एक कडी कधीतरी तुटली, तर नवी साखळी कोण आणतंय? तिथे खिळा वाकवून घातलेला. वन्सं कामावर जाताना-येताना तिथे थांबायच्या. घरातला उरलेला पाव द्यायच्या, पालथं झालेलं पातेलं सरळ करून नळावरून पाणी आणायच्या. तो एवढा मोठा कुत्रा, पण यांना बघून अंग असं काही हलवायचा की शेपटी त्याला हलवतेय असं वाटावं.

वखारवाल्याला त्यांनी एकदा विचारलंही होतं. मी सोबत होते म्हणून मला माहीत. "शेठ, जरा शेडखाली बांधाल का त्याला? ऊन फार लागतं." वखारवाला हसला. म्हणाला, "ताई, राखणीचा कुत्रा आहे, पाहुणा नाही." मी तोंड उघडणार होते, तर वन्संनी माझा हात दाबला आणि वर त्यालाच "बरं बरं" म्हणून आल्या. बरं बरं! मी दोन दिवस यांच्याशी धड बोलले नाही.

मग आमच्या वस्तीच्या समितीने जागृतीचा कार्यक्रम काढला. कुत्र्यांना बाहेर साखळीला बांधून ठेवू नका, असा विषय. समिती म्हणजे आमच्या सेक्रेटरीबाई. बाई वाईट नाहीत, पण कार्यक्रम म्हटला की त्यांच्या अंगात येतं. पोस्टर झाली, माइक ठरला, आणि त्यांनी कुठेतरी पाहिलेली कल्पना काढली की मैदानात कुत्र्याचं लाकडी घर ठेवायचं, त्याला साखळीने एक माणूस बांधायचं आणि त्याने सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात बसायचं. म्हणजे लोकांना कळेल. "कोण बसेल?" असं त्यांनी विचारताच सगळी बैठक वन्संकडे वळली. मी "का म्हणून त्याच?" म्हणायच्या आत वन्संनीच हात वर केला. "मी बसते," म्हणाल्या, "पण शेठना बोलवा. पुढच्या खुर्चीत बसवा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी येताना त्या म्हणाल्या, "अगं, मला बोलता येत नाही. मी बोलले तर तो हसतो. पण समोर माणूस बांधलेलं बघितलं तर वाटेल ना काहीतरी? सोडेल गं तो वॉचमनला." त्यांचा चेहरा एवढा आशेने भरलेला की माझी जीभ टाळ्याला चिकटली. मनात म्हटलं, या माणसाला काही वाटायचं असतं तर आजवर वाटलं असतं.

आता आमच्या समितीची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे कार्यक्रमाला काहीही विकत आणत नाहीत. सगळं उसनं. खुर्च्या एकाकडून, सतरंज्या शाळेतून, टेबलावरचं कापड सेक्रेटरीबाईंच्या जावेकडून, आणि संध्याकाळी सगळं झाडून-पुसून ज्याचं त्याला परत. याचा सेक्रेटरीबाईंना भारी अभिमान. "आजवर एक चमचा इकडचा तिकडे झालेला नाही," असं भाषणातसुद्धा सांगतात. तर कुत्र्याचं घर वखारीतून आलं, फळ्या ठोकून. आणि साखळीही वखारीतूनच आली. नवी कोरी साखळी खोटी वाटेल, वापरातली हवी, असं बाईंनी सांगितलं होतं. वापरातली आली.

त्या सकाळी आम्ही शाळेतून सतरंज्या घेऊन मागच्या रस्त्याने मैदानावर गेलो, त्यामुळे वखारीवरून जाणं झालंच नाही. सेक्रेटरीबाई तयारच होत्या. आधी त्यांना साखळीच्या टोकाचा पट्टा वन्संच्या गळ्यात घालायचा होता. "फोटोत परिणाम येईल," म्हणे. मी म्हटलं, "बाई, तुमच्या गळ्यात घाला, मग बघू किती परिणाम येतो." शेवटी साखळी कमरेला गुंडाळली, कुलूप लावलं आणि दुसरं टोक लाकडी घराच्या हुकात अडकवलं. किल्ली बाईंच्या पर्समध्ये गेली. वन्सं मातीत मांडी घालून बसल्या. लोक यायला लागले.

थोड्या वेळाने त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय. तर साखळी हातात धरून बसलेल्या, डोळे चमकताहेत. "बघ," म्हणाल्या. बघितलं तर कडीच्या जागी वाकवलेला खिळा. आणि कड्यांच्या फटीत अडकलेले भुरे केस.

"वॉचमनची आहे गं ही! म्हणजे सोडलं त्याला!"

खरं सांगते, मलाही पटलं. साखळी इथे आहे म्हणजे कुत्रा मोकळा, यात न पटण्यासारखं काय होतं? मी, जी सगळ्या जगाच्या नावाने बोटं मोडते, ती मी म्हटलं, "चला, त्या दगडाला पाझर फुटला म्हणायचा!" आणि वन्सं हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ऊन चढत होतं, कमरेला लोखंड तापत होतं, पण यांचा आनंद पोटात मावेना. कोण येईल त्याला सांगायला लागल्या, या माझ्या न बोलणाऱ्या वन्सं! "ही साखळी खरी आहे बरं का. वखारीतल्या कुत्र्याची. शेठनी सोडलं त्याला." एका बाईंना तर त्यांनी खिळासुद्धा दाखवला.

सेक्रेटरीबाईंच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी लगेच माइकवरून जाहीर केलं. वखारवाला तोवर पुढच्या खुर्चीत येऊन बसला होता, पांढऱ्या शर्टात. टाळ्या झाल्या. तो उठला, हात जोडले, त्याला गुलाबांचा गुच्छ मिळाला. आणि तो बोलला काय? म्हणाला, "मुक्या जनावराला भावना असतात. आपण त्यांचा विचार करायला हवा." पुन्हा टाळ्या. वन्सं बसल्या जागी टाळ्या वाजवत होत्या आणि साखळी खळखळत होती.

दुपारी वखारीतला करवतीवरचा माणूस पाणी प्यायला मांडवात आला. साधा माणूस, माझ्या ओळखीचा. मी सहज म्हटलं, "काय, आज तुमचा वॉचमन सुटला! हुंदडत असेल ना सगळीकडे?"

तो पेला तोंडाला लावता लावता थांबला. "सुटला कुठे? साखळी तुम्ही नेलीत ना. मग शेठ म्हणाले, आजच्या दिवस तारेने बांध. फळ्यांचे गठ्ठे बांधायची तार असते ना, ती. संध्याकाळी साखळी लवकर द्या बरं का, वहिनी. तार काचते त्याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुत्र्यांना बांधू नका म्हणून कार्यक्रम, आणि त्या कार्यक्रमासाठी कुत्र्याची साखळी काढून त्याला तारेने बांधलंय! आणि यात कुणालाही, एकालाही, काही वावगं वाटलं नाही! सेक्रेटरीबाईंनी मागितली, वखारवाल्याने दिली, याने बांधला, आणि सगळे टाळ्या वाजवताहेत!

मी वन्संना जाऊन सांगितलं. लपवून ठेवायला मी काही त्यांच्यासारखी नाही. त्यांचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं, आणि डोळ्यांतून आधी गेलं. मग त्या म्हणाल्या, "कुलूप काढ."

मी मंचाकडे धावले. "किल्ली द्या."

"आत्ता?" सेक्रेटरीबाई कुजबुजल्या. "पेपरवाला निघालाय, पोचतोच आहे. फोटो झाला की..."

"बाई, तिकडे कुत्रा तारेने बांधलाय तुमच्या साखळीपायी!"

"हो, पण जरा हळू बोला ना, पाहुणे बसलेत. सगळं संध्याकाळी परत करायचंच आहे. थोडा धीर धरा." पर्स त्यांनी मांडीवरून उचलून काखेत घेतली. माझा हात त्या पर्सवर पडणारच होता, इतक्यात मागून फळी मोडल्याचा आवाज आला.

वन्सं उठल्या होत्या. कुणीही न उठवता उठल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी साखळी धरून अशी ओढली की हुकासकट फळी निघून आली आणि ते नाटकी घर एका अंगावर कोसळलं. आणि त्या चालायला लागल्या. कमरेला साखळी, साखळीच्या टोकाला फळी, फळी रस्त्यावरून खडखडतेय, अशा त्या गल्लीतून निघाल्या. आणि लोकांना काय वाटावं? कार्यक्रमाचाच भाग वाटला! मोबाइल वर झाले. कुणीतरी म्हणालं, "वा, काय अभिनय करतात!" मी फळी उचलून घेतली आणि त्यांच्या मागे पळत सुटले. वाटेत दिसेल त्याला शिव्या घालत होते, कुणाला कुठली घातली ते आठवत नाही.

वखारीचं फाटक उघडंच होतं. वॉचमन खांबाभोवती फिरून फिरून पार आखडला होता. तार इतकी आखूड झालेली की त्याला बसता येत नव्हतं. उन्हात पाय फाकवून उभा होता, मान खांबाला टेकलेली, जीभ बाहेर. पातेलं लांब पालथं. गळ्याभोवती केस ओले दिसत होते. मला वाटलं पाणी सांडलंय. ते रक्त होतं.

त्याने आम्हाला पाहिलं आणि शेपटी हलवली.

करवतवाला आमच्या मागोमाग आलाच होता. तो शेडमधून पक्कड घेऊन आला. "मी सैल बांधली होती," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. वन्संनी त्याच्या हातातून पक्कड घेतली, एका हाताने कुत्र्याचं डोकं धरलं आणि तार तोडली. मी ओंजळीने पाणी आणलं. तो प्यायला, पुन्हा आणलं, पुन्हा प्यायला. मी रडत नव्हते. मला कुणाला तरी मारायचं होतं.

तोवर मिरवणूक आलीच. पुढे वखारवाला, हातात अजून तो गुच्छ, मागे सेक्रेटरीबाई आणि त्यांच्यामागे मैदानातली अर्धी माणसं. वखारवाल्याने एकदा कुत्र्याकडे पाहिलं, एकदा लोकांकडे. "एवढं काय झालं?" म्हणाला. "जरासं खरचटलंय. तुम्हीच साखळी नेलीत, ताई. मोकळा सोडला तर कुणाला चावला असता, मग माझ्याच अंगावर आला असतात सगळे. द्या साखळी इकडे, मिटला विषय."

आणि आता बघा. जी किल्ली बांधलेल्या बाईला सोडवायला निघत नव्हती, ती साखळी परत करायला झटकन निघाली! सेक्रेटरीबाई लगबगीने पुढे आल्या, वन्संच्या कमरेचं कुलूप काढलं, साखळी नीट गोळा केली आणि वखारवाल्याच्या हातात दिली. वर त्याला "थँक्यू" म्हणाल्या. मी सांगते, त्या बाईंना आपण काय करतोय ते खरोखरच कळत नव्हतं. उसनी वस्तू होती, शब्द दिला होता, परत केली.

वखारवाल्याने साखळी उलगडली. तिचा आवाज झाला. तो ऐकून वॉचमन धडपडत उठला, वन्संच्या हातातून निसटला, मालकाच्या पायाशी गेला आणि बांधून घ्यायला मान पुढे केली. तीच मान. रोज करत असणार तशी शहाण्यासारखी पुढे केली आणि उभा राहिला.

वखारवाला पट्टा हातात धरून वाकला. पट्टा लावायला त्या गळ्यावर धड जागा नव्हती. तो डावीकडून बघतोय, उजवीकडून बघतोय. वॉचमन वाट बघतोय, आणि मध्येच त्याने मालकाचं मनगट चाटलं.

"बांधा ना," वन्सं म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "बांधा, शेठ. सगळे बघायला आलेत. मला बघून झालं, आता त्याला बघू दे. मी तुम्हाला हात जोडून सांगितलं होतं, शेडखाली बांधा. हसला होतात. आता हसा आणि बांधा."

वखारवाल्याचा चेहरा लाल झाला. त्याला हसता येईना आणि बांधताही येईना. शेवटी त्याने साखळी खांबापाशी टाकून दिली. "न्या तुमच्या घरी," म्हणाला. "नसती ब्याद. न्या, सांभाळा, मला पुन्हा दाखवू नका." आणि तो ऑफिसात निघून गेला.

आणि मग सेक्रेटरीबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून सगळ्यांनी वाजवल्या. खूप जोरात, मनापासून, एखादी चांगली गोष्ट झाल्यासारख्या.

वॉचमन दचकला. तो पळाला, आणि मोकळं फाटक समोर असताना पळाला कुठे, तर खांबापाशी. त्या गुळगुळीत झालेल्या जमिनीवर अंग चोरून बसला आणि थरथरायला लागला.

"बंद करा!" वन्सं ओरडल्या. "बंद करा ते! कशाला वाजवता? काय केलंत तुम्ही? काय केलंत?"

टाळ्या थांबल्या. माणसं एकमेकांकडे बघत, चपला घासत हळूहळू पांगली. सेक्रेटरीबाई माझ्याकडे वळून काहीतरी म्हणणार होत्या, माझं तोंड बघून त्याही गेल्या. वन्सं मातीत त्याच्या शेजारी बसून राहिल्या. त्यांनी पुष्कळ हाका मारल्या, पाव दाखवला, फाटकापर्यंत स्वतः चालून दाखवलं. तो बघायचा, शेपटी हलवायचा, पण खांबाजवळून उठेना. शेवटी वन्संनी पदर खोचला आणि त्याला उचललं. एवढं मोठं धूड, पाय लोंबकळताहेत, रक्त यांच्या खांद्यावर लागतंय. मी हात लावायला गेले तर म्हणाल्या, "मला पेलतोय. तू फक्त पुढे चल."

मी पुढे चालले. गल्लीत दारादारांत माणसं उभी होती आणि बाजूला होऊन वाट देत होती. कुणीही टाळी वाजवली नाही. वाजवली असती तर त्याचा हात मी तिथेच पिरगळला असता.